वरून पहिली ओळ

घर हलवणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे! लोक उगाच तिचा बाऊ करतात. यादी नीट असेल तर घर आपल्या पायांनी चालत नव्या पत्त्यावर जातं. हे वाक्य माझं आहे. ते मी तीन आठवड्यांपूर्वी जेवणाच्या टेबलावर, सासूबाईंच्या समोर, चमचा हवेत धरून म्हटलं होतं. चमच्याचं मुद्दाम सांगतो, कारण बायको हल्ली ही हकिकत सांगताना चमचा कधीच विसरत नाही.

प्रसंग असा होता. सासूबाई छत्तीस वर्षं राहिलेलं घर सोडून आमच्याकडे कायमच्या येणार होत्या. सासऱ्यांना जाऊन आठ वर्षं झाली. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना उभा, आणि गुडघे दर पायरीला तक्रार करणारे. तरी त्यांना तयार करायला बायकोला दोन वर्षं लागली. शेवटी हो म्हणाल्या, पण अट घालून.

"ह्यांचा रेडिओ माझ्यासोबत येईल. तो आला तर मी आले असं समजायचं. तो नाही आला तर मी माझ्या घरी परत! किल्ली महिनाअखेरपर्यंत माझ्याकडेच आहे."

हा रेडिओ म्हणजे छोट्या सुटकेसएवढा लाकडी ठोकळा. आठ वर्षांत त्याने हूं की चूं केलेलं नव्हतं. पण सासूबाई रोज संध्याकाळी तो पुसायच्या आणि त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसायच्या. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. काही गोष्टी जावयाने विचारायच्या नसतात.

"एवढंच ना आई?" मी म्हणालो. "रेडिओ यादीत पहिला!"

"यादी मी वहीत करते," बायको म्हणाली.

"वही?" मी हसलो. "अकरा वर्षं मी मोबाइलची ॲप्स बनवतोय आणि माझ्या घरचं सामान वहीत हलणार? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?"

मी सरळ ॲप बनवायला घेतलं.

ॲप देखणं झालं, हे माझे शत्रूही मान्य करतील. एक लांबलचक यादी. प्रत्येक वस्तूची एक ओळ, ओळीत नाव आणि फोटो. सगळ्या ओळी मुळात हिरव्या, म्हणजे वस्तू आपल्याकडे येणार. नको असलेल्या वस्तूवर बोट ठेवलं की ओळ लाल, म्हणजे ती जुन्या वस्तूंच्या केंद्रात जाणार. ह्या केंद्रात नको असलेल्या गोष्टी ठेवता येतात आणि ज्याला हव्या असतील तो त्या घेऊन जातो. शेवटी एक बटण दाबायचं, की हिरवी यादी एका टेम्पोवाल्याला आणि लाल यादी दुसऱ्या टेम्पोवाल्याला आपोआप जाणार. माणसाने मध्ये बोलायचंच नाही!

चाचणीही मी केली. अगदी कसून केली. माझ्या खोलीतल्या नऊ वस्तू यादीत घातल्या, पाच हिरव्या ठेवल्या, चार लाल केल्या. नऊच्या नऊ बरोबर! माझ्या फोनच्या पडद्यावर एका वेळी नऊच ओळी मावतात, ही गोष्ट तेव्हा मला अगदीच किरकोळ वाटली होती.

रविवारी सासूबाईंनी नावं सांगितली आणि मी ती टाइप केली. सगळ्यात आधी त्यांनी जिवापाड जपलेल्या वस्तू सांगितल्या. एक नंबरवर रेडिओ. मग सासऱ्यांचा फोटो, शिलाई मशीन, आरामखुर्ची, भिंतीवरचं घड्याळ, पत्रांची पेटी, बायकोचा लहानपणचा लोकरी स्वेटर, सासऱ्यांच्या चष्म्यांचा डबा आणि तेरा वर्षं जगवलेलं कुंडीतलं एक रोप. मोजा, नऊ झाल्या. त्यानंतर पलंग, कपाट, भांडी वगैरे संसार आणि शेवटी माळ्यावरची अडगळ. एकूण सत्तेचाळीस वस्तू.

मग फोन मी त्यांच्या हातात दिला. "पहिल्या नऊ तर हिरव्याच आहेत आई, त्यांना हात लावू नका. यादी वर सरकवत खाली खाली जा आणि अडगळ दिसली की बोट ठेवा. झालं!"

सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि कामाला लागल्या. मोडका टेबलफॅन, लाल. तीन पायांचं स्टूल, लाल. ज्यांचे डबे केव्हाच हरवले आहेत अशी एकवीस झाकणं, लाल. फुटकी बादली, पोपट उडून गेलेला पिंजरा, एका पायाचा बूट, सगळं लाल. मी बाजूला उभा राहून आपल्या निर्मितीकडे कौतुकाने बघत होतो. थोड्या वेळाने त्या थबकल्या.

"जावईबापू, हे बघा हो. पंखा मी मघाशी लाल केला होता. परत वर येऊन बघितलं तर हिरवाच!"

"तुमचं बोट नीट लागलं नसेल, आई."

"नीट लागलं होतं. झाकणंही परत हिरवी झालीत."

आता खरं सांगायचं तर इथेच मी फोन हातात घेऊन खाली बसायला हवं होतं. ऑफिसात कुणी असं सांगितलं असतं तर बसलोही असतो. पण सासूबाई माझ्या ॲपमध्ये चूक काढतात म्हणजे काय?

"रंग नुसता दिसण्यापुरता असतो," मी समजावलं. "तो पुसला गेला तरी नोंद आत पक्की झालेली असते. तुम्ही मागे वळून बघूच नका, पुढे चला!"

ह्यात खोटं काहीच नव्हतं. नोंद खरोखरच आत पक्की होत होती. फक्त ती पंख्याच्या नावावर होत नव्हती.

सामान हलवायच्या आदल्या दिवशी हमालांचे मुकादम घर बघायला आले. उंच, शांत माणूस, खिशात खडूचा तुकडा.

"साहेब, आमची पद्धत साधी आहे. प्रत्येक नगावर खडूने नंबर टाकतो. नग कुठेही गेला तरी नंबर त्याच्याबरोबर जातो."

"खडू?" मी बायकोकडे बघून डोळे मिचकावले. तिने मिचकावले नाहीत. "मुकादम, ह्या फोनमध्ये सगळं आहे. खडू मुलांना शाळेत द्या."

"बरं," मुकादम म्हणाले. तो तुकडा त्यांनी परत खिशात ठेवला, पण फेकला नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं, दोन्ही याद्या दोन्हीकडे गेल्या आणि आम्ही तिघं नव्या खोलीची तयारी करायला आमच्या घरी येऊन बसलो. सासूबाईंची खोली छान झाली होती. खिडकीशी रेडिओसाठी मी स्वतः एक टेबल लावलं होतं. साडेदहाला मुकादमांचा फोन आला.

"साहेब, जरा येऊन जाता का? यादी उलटी वाटतेय."

"उलटी म्हणजे?"

"म्हणजे फुटकी बादली जपून न्यायची आहे आणि चांगलं मशीन..."

"मुकादम!" मी त्यांना मध्येच तोडलं. सासूबाई ऐकत होत्या, म्हणून आवाजात जरा भारदस्तपणा आणला. "यादी माझी आहे. तुम्ही डोकं लावू नका. यादीत जे लिहिलंय ते शब्दशः करा!"

"शब्दशः," मुकादम म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणत होते?" बायकोने विचारलं.

"काही नाही. नवीन तंत्र बघून गोंधळतात बिचारे."

दुपारी टेम्पो आला. पलंग आला, कपाट आलं, भांड्यांची खोकी आली. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. मग चार हमाल एक मोठा नग जपून जपून घेऊन आले. जाड गोधडीत गुंडाळलेला, वर दोरी, दोरीवर 'नाजूक' असा कागद.

"हाच रेडिओ!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

गोधडी सोडली. आत मोडका टेबलफॅन होता.

त्यानंतर तीन पायांचं स्टूल आलं. त्याच्या नसलेल्या चौथ्या पायाच्या जागीही कापूस लावलेला होता. झाकणं आली, एकवीसच्या एकवीस, प्रत्येक वर्तमानपत्रात वेगळं बांधून. पिंजरा आला. बूट आला. फुटकी बादली एका हमालाने तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरून आणली आणि विचारलं, "ही खिडकीशी टेबलावर ठेवू का?"

"माझा रेडिओ?" सासूबाईंनी विचारलं.

"येईल ना आई, मागून..."

"मागून काही नाही," हमाल म्हणाला. "ही गाडी संपली. बाकीचं सकाळीच केंद्रात गेलं."

आरामखुर्ची नव्हती, म्हणून सासूबाई बादली उलटी करून तिच्यावर बसल्या आणि पर्स मांडीवर घेऊन तिच्यातली जुन्या घराची किल्ली चाचपली. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला स्वतःची इतकी लाज ह्याआधी कधी वाटली नव्हती.

"संध्याकाळपर्यंत बघते," त्या शेवटी म्हणाल्या. "नाही तर मला सोडा माझ्या घरी."

मी फोन उघडला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाचकहो, आता तुम्हाला घडलेला प्रकार सांगतो. यादी सत्तेचाळीस वस्तूंची असली तरी फोन काही सत्तेचाळीस ओळी बनवत नाही. फोन महा आळशी! पडद्यावर दिसतील तेवढ्या नऊ-दहा ओळीच तो बनवतो. एखादी ओळ वरून बाहेर गेली की तिच्यावरचं नाव पुसून, नवं नाव चिकटवून तिलाच खालून परत आत ढकलतो. नाटकात चार शिपाई एका विंगेतून जाऊन दुसऱ्या विंगेतून परत येतात आणि आपल्याला वाटतं केवढं हे सैन्य, तसं! म्हणून बोट लागलं की विचारायचं असतं, 'ह्या ओळीत आत्ता कोण उभं आहे?' माझ्या ॲपने विचारलं होतं, 'पडद्यावर वरून कितवी ओळ?' सासूबाई खाली अडगळीपर्यंत गेल्या, पंखा तेव्हा पडद्यावर सगळ्यात वर होता. त्यांनी बोट ठेवलं, ॲपने लिहून घेतलं, 'वरून पहिली ओळ, देऊन टाका.' आणि सबंध यादीत वरून पहिला होता रेडिओ!

अशी पंधरा वेळा बोटं पडली आणि पहिल्या नऊच्या नऊ वस्तू लाल झाल्या. अडगळीच्या केसालाही धक्का लागला नाही. तिथपर्यंत माझं ॲप पोचलंच नव्हतं.

आणि लाज अशी, की मागच्याच महिन्यात मुलाखतीत ह्याच प्रश्नावर अडखळलेल्या एका उमेदवाराला मी घरी पाठवलं होतं. "ही तर बाळबोध चूक आहे," असं त्याला वर सुनावलंही होतं.

"तू ह्यातलं आईला काही सांगू नकोस," बायको म्हणाली. "चल."

केंद्रात टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. समोर अर्जांचा गठ्ठा.

"चुकून आमचं सामान इथे आलंय," मी म्हणालो.

"इथे चुकून काही येत नाही. यादी आली होती, यादीप्रमाणे घेतलंय. मोठी छान यादी होती, फोटोसकट." बाईंनी अर्ज पुढे केले. "वस्तू हवी असेल तर प्रत्येकीचा अर्ज भरा. वस्तूची गरज का आहे, ते तीन ओळींत लिहा."

सासऱ्यांच्या फोटोची मला गरज का आहे, ते मी तीन ओळींत लिहिलं. शिलाई मशीनची लिहिली. रोपाच्या अर्जावर बायकोने लिहिलं, 'ते आमच्या घरातलं सगळ्यात समजूतदार माणूस आहे.' बाईंनी तो अर्ज सगळ्यात आधी मंजूर केला.

"पण ह्या वस्तू तुमच्याच कशावरून?" त्यांनी विचारलं.

मी खिसे चाचपले. बायको मात्र वाकून आरामखुर्चीच्या पाठीमागे बघत होती. तिथे खडूने ठळक '४' लिहिलं होतं. घड्याळाच्या मागे '५'. मशीनच्या बुडाशी '३'. मुकादमांनी खडू फेकलेला नव्हता! मला न विचारता, माझीच यादी बघून, त्यांनी एकूण एक नगावर नंबर टाकला होता. मी माझ्याच फोनमधली नावं वाचत गेलो आणि बायको नंबर जुळवत गेली. आठ वस्तू मिळाल्या. एक नंबर मिळेना.

"रेडिओ ना? तो तर सकाळीच गेला," बाई म्हणाल्या. "दोन गल्ल्या सोडून घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा आहेत, ते घेऊन गेले. अर्जात त्यांनी लिहिलंय, 'बिघडलेलं काही पाहवत नाही.'"

आम्ही धावतच सुटलो. मी एका हातात कुंडी आणि काखेत सासऱ्यांचा फोटो घेऊन पळत होतो, त्यामुळे लोक आदराने वाट देत होते. दुकान इवलंसं. भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. आणि काउंटरवर रेडिओ, बाजूला पांढरा '१'. तो बोलत होता! बातम्या सांगत होता, मोठ्या खणखणीत आवाजात.

"एक तार सुटली होती," आजोबा म्हणाले. "दहा मिनिटांचं काम. असा रेडिओ टाकून देता? मन कसं झालं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ओळी, पडदा, नऊ आणि सत्तेचाळीस. माझ्या ऑफिसात हे समजवायला मला फळा आणि पाऊण तास लागतो. आजोबांनी भिंग डोळ्यावरून काढलं.

"म्हणजे खूण माणसाला करायची ती तुम्ही खुर्चीला केलीत. मग माणूस उठला आणि दुसरा येऊन बसला."

"हो," मी म्हणालो.

"आणि हे तुम्ही पोटापाण्यासाठी करता?"

"हो."

त्यांनी रेडिओ बांधून दिला. माझ्याबद्दल त्यांना वाईट वाटलं असावं.

केंद्रातलं सामान टेम्पोत घालून घरी पोचलो तेव्हा पाच वाजत होते. सासूबाई बादलीवरच बसलेल्या होत्या. आम्ही फोटो भिंतीला लावला, खुर्ची खिडकीशी ठेवून सासूबाईंना तिच्यात बसवलं, आणि मग मी टेबलावर रेडिओ ठेवला. एवढ्या सगळ्या गोंधळाची भरपाई माझ्या हातात होती. विजेत्याच्या थाटात मी प्लग लावला.

"आई, ऐका!"

रेडिओ गरजला. हवामान, बाजारभाव, क्रिकेट! भिंती घुमल्या. मी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून येतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"बंद करा! आधी बंद करा तो!"

मी प्लग ओढला.

"कुणी सांगितलं होतं दुरुस्त करायला?" त्या म्हणाल्या. "अहो, हे असताना अठ्ठावीस वर्षं हाच बोलायचा आणि मी गप्प बसायचे. काही सांगायला गेलं की ह्यांचं एकच, 'थांब, बातम्या चालल्यात.' हे गेले आणि चार दिवसांनी हाही बंद पडला. मग मी बोलायला लागले. राहिलेलं सगळं सांगतेय त्यांना, रोज संध्याकाळी. आता कुठे आमचं लेकीच्या लग्नापर्यंत आलंय."

बायको त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला.

"पण आई, प्लग काढलाय की," मी हळूच म्हणालो. "आता नाही बोलणार तो."

"तसं नाही हो. आधी त्याला बोलताच येत नव्हतं, म्हणून ऐकायचा. आता येतंय आणि गप्प बसलाय. म्हणजे मी कधी संपवते ह्याची वाट बघतोय, अगदी ह्यांच्यासारखी!"

त्यांनी पर्समधून जुन्या घराची किल्ली काढली. किल्लीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग रेडिओकडे, मग माझ्याकडे. शेवटी किल्ली त्यांनी रेडिओच्या शेजारी टेबलावर ठेवली आणि पर्स बंद केली.

"राहते मी," त्या म्हणाल्या. "पण जावईबापू, एक काम करा. ह्या रेडिओसाठी तुमचं एखादं ॲप बनवा. आपोआप बंद पडेल."

बायको इतकी हसली की तिला बादलीवर बसावं लागलं. आणि मी? सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यात यादी हवी का?"